दोन ते चार

दोन ते चार ड्रिल बंद,
असं या सोसायटीच्या फळ्यावर लाल खडूनं लिहिलंय,
म्हणून चेंबूरच्या या सातमजली इमारतीच्या जिन्यात
पास्कल मिस्त्री आणि मी,
डबे धुऊन झालेले,
मध्ये फडक्यावर मशीन आडवं.

"आधी वायर."
बटण बंदच आहे की, मी म्हणतो.
"बटणाला कुणाचंही बोट लागतं.
प्लग हातात धरून दाखव."
मी धरून दाखवतो,
मेलेल्या विंचवाची नांगी धरावी तसा.

मग दात घासायचा जुना ब्रश.
हवेच्या जाळीतून भुकटी पडते कागदावर.
पांढरी, ती आज सकाळची, आतल्या खोलीची;
तिच्याखाली विटकरी, मंगळवारचं माझगावचं न्हाणीघर;
मग राखाडी, खरखरीत,
हा वडाळ्याचा स्लॅब, ज्यानं दोन बिटं खाल्ली.
तळाला काळं चिकट काहीतरी.
हे कुठलं?
"तो तुझा आळस."

बाजूच्या टोप्या फिरवून कार्बन काढतो.
करंगळीच्या नखाएवढे उरलेत.
"ठिणग्या वाढल्या की दिवाळी समजू नको.
आणि बदलायचे तर दोन्ही.
एक नवा, एक झिजलेला,
असा संसार टिकत नाही."
नागदेवीच्या दुकानातून आणलेली जोडी
खिशातल्या पुडीत आहे, त्यांच्याच.

बिटाच्या दांड्याला ग्रीस, बोटाच्या टोकावर मावेल इतकंच.
"पोळीला लावतो तेवढं.
आमच्या घरी नाताळात लावतात तेवढं नाही."

ते हे सगळं मोठ्यानं सांगतात.
जिना त्यांचा शब्द उचलतो, खाली नेतो,
तळमजल्यावर टेकवून परत आणतो.

"आणि बाजूचा दांडा.
तो काढून ठेवायची वस्तू नाही."
इथं ते थांबतात.
चहाचा ग्लास डाव्या हातात आहे,
नेहमी डाव्याच हातात असतो.
उजवं मनगट अर्ध्यावर जातं
आणि तिथून पुढे जात नाही.
"सळई लागली. बिट अडकलं.
मशीन काही थांबलं नाही.
काहीतरी फिरायला हवं होतं."

सातशे दोनचं दार बोटभर उघडतं.
खांद्यावर पालथं तान्हं, बाई कुजबुजते,
अहो, दोन ते चार आहे ना?
मी मशीनकडे बघतो.
ते सुटं पडलंय, मुकं,
कार्बन बाहेर, वायर वेटोळी.
मग कळतं, ती कशाबद्दल बोलतेय.
सॉरी, मी म्हणतो. दार मिटतं.

"काय म्हणाली?" मिस्त्री विचारतात, तेवढ्याच मोठ्यानं,
चांगला कान माझ्याकडे वळवून.
काही नाही, मी म्हणतो.
वेळ विचारत होती.

तीन वाजून चाळीस मिनिटं.
माझ्या शर्टाच्या खिशात दोन महिने पडलेत
त्यांनीच दिलेले नारिंगी बोळे, दोरीला बांधलेले.
घातले की डोक्यात विहीर झाल्यासारखं होतं,
म्हणून मी घालत नाही, त्यांची पाठ असली की.
विचारलं तर म्हणतो, हरवले.

चार.
मी चश्मा लावतो, फडकं नाकाला बांधतो.
बोर्डाच्या सरळ रेषेत वर नाही, खाली नाही,
वायर तिथूनच जाते.
बीमला तर हातही नाही,
त्याच्या डोक्यावर बिऱ्हाडं आहेत.
पेन्सिलीची फुली. दांडा घट्ट. पाय फाकवून.
बोळे चिमटीत दाबून बारीक करतो
आणि कानात सोडतो.
ते फुगत जातात हळूहळू.
आधी पंखा जातो,
मग खालचा भाजीवाला,
मग माझा श्वास तेवढा उरतो, आतून येणारा.

मिस्त्रींचे ओठ हलतात.
काय? मी विचारतो,
आणि मला माझा आवाज किती मोठा, ते कळत नाही.

ते हसतात.
भिंतीवर बोटानं दोनदा टकटक करून
तळहात खाली दाबून दाखवतात:
पहिल्यांदा हळू.